स्पीकरची जागा आधी, सॉफ्टवेअर नंतर : नाशिकच्या हॉलसाठी मोजमापाचा धागा

मोजपट्टी, कॉलेज रोड

"रूम करेक्शन (खोलीनुसार आवाज दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) चालवलं तरी बेस घुमतोच, वर आता वूफर (स्पीकरमधला बेस वाजवणारा भाग) फडफडायला लागला" हा प्रश्न इथे वारंवार येतो. दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा नसतो. स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबलेले, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आणि या सगळ्यावर फिल्टर, म्हणजे ठराविक सूर उतरवणाऱ्या-चढवणाऱ्या सेटिंग, चढवलेले, अशी अवस्था असते. म्हणून क्रम लिहून ठेवतो : आधी टेप, मग माइक, सगळ्यात शेवटी फिल्टर.

उदाहरणाला आपल्याकडचा नेहमीचा हॉल घेऊ. लांबी १५ फूट, रुंदी ११ फूट, उंची ९.५ फूट. विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. अमेरिकन व्हिडिओंमधल्या घरांच्या भिंती बऱ्याचदा लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या असतात. त्या थोड्या हलतात, खालचा बेस काही प्रमाणात खातात. आपली वीट आणि काँक्रीट हलत नाही, त्यामुळे बेस खोलीतच फिरत राहतो. तिकडचे सल्ले इकडे जसेच्या तसे लावले की फसतात ते यामुळे.

हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ११३० फूट धरा. खोलीचा पहिला मोड, म्हणजे तिच्या मापामुळे आपोआप घुमणारा सूर, काढायचा तर ५६५ ला फुटांनी भागायचं. १५ फुटांचा मोड येतो ३८ हर्ट्झला, ११ फुटांचा ५१ ला, ९.५ फुटांचा ५९ ला. या सुरांना खोली स्वतःच गाते. दुसरा आकडा रद्द होण्याचा. स्पीकरमागच्या भिंतीवरून परतलेला आवाज सरळ आवाजाला उलटा भेटतो तिथे खड्डा पडतो. २८२ ला स्पीकरच्या पुढच्या फळीपासून मागच्या भिंतीपर्यंतच्या फुटांनी भागा. ३ फुटांवर खड्डा ९४ हर्ट्झला, २ फुटांवर १४१ ला, १४ इंचांवर २४० च्या आसपास.

या दोन गोष्टींत फरक आहे आणि सगळा धागा त्यावरच उभा आहे. मोडमुळे आलेला फुगवटा फिल्टरने खाली आणता येतो. रद्द होण्यामुळे पडलेला खड्डा फिल्टरने भरत नाही. तिथे ९ डेसिबल चढवले तर सरळ आवाज वाढतो, भिंतीवरून येणारा उलटा आवाजही तेवढाच वाढतो, आणि दोघं पुन्हा एकमेकांना खातात. ॲम्पला मात्र त्या सुराला आठपट वॉट द्यावे लागतात. वूफर फडफडतो तो इथे.

मोजपट्टी, कॉलेज रोड

आता जागा. खालच्या बेससाठी सर्वांत आधी सोफा हलवा, कारण खर्च शून्य आणि फरक सर्वांत मोठा. मागच्या भिंतीलगत लांबीच्या सगळ्या मोडचा दाब जास्तीत जास्त असतो, त्यामुळे सोफा टेकवला की घुमणं आलंच. अगदी मधोमध, म्हणजे ७.५ फुटांवर, ३८ हर्ट्झ जवळजवळ गायब होतो. समोरच्या भिंतीपासून ११.२५ फुटांवर ७५ हर्ट्झ गायब होतो. कान समोरच्या भिंतीपासून १० फुटांवर आले तर ३८ आणि ७५ हे दोन्ही मोड भिंतीलगतच्या मानाने साधारण ६ डेसिबलने उतरतात. एकही फिल्टर न लावता. हॉलमध्ये जायला-यायला वाट हवी असते हे मान्य, पण मागे निदान २ फूट तरी सोडा.

स्पीकरसाठी दोनच जागा पटतात : एकतर अगदी भिंतीजवळ, नाहीतर बरेच पुढे. मधली २.५ ते ४ फुटांची पट्टी वाईट, कारण तिथे खड्डा ७० ते ११३ हर्ट्झमध्ये पडतो आणि डग्ग्याचं अंगच निघून जातं. आपल्या हॉलमध्ये बरेच पुढे आणणं शक्य नसतं. मग स्टँडवर, मागे ३-४ इंच सोडून, पुढची फळी भिंतीपासून १४ इंचांवर ठेवा. खड्डा २४० हर्ट्झला जातो, आणि तिथे मागच्या भिंतीवर स्पीकरच्या आजूबाजूला लावलेलं ४ इंच जाड रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) खरोखर काम करतं. भिंतीजवळ आल्यामुळे बेस वाढतो. वाढलेला बेस कापणं सोपं, म्हणूनच हा सौदा आपल्या फायद्याचा. मागे पोर्ट (बेससाठीचं भोक) असेल तर पोर्टच्या व्यासाइतकी तरी मोकळी जागा राहू द्या.

ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे सूर काढणारा छोटा भाग, कानाच्या उंचीला, बसल्यावर जमिनीपासून ३६ ते ४० इंच. कप्प्यात ठेवायची वेळ आलीच तर पुढची फळी कप्प्याच्या कडेबरोबर आणा. आत ढकललेल्या स्पीकरच्या बाजूंच्या फळ्या मधल्या पट्टीत घोगरेपणा आणतात, आणि तो फिल्टरने नीट जात नाही.

डाव्या-उजव्याचं अंतर मोजायला गवंड्याची लाइनदोरी वापरा, शिवणाचा दोरा ताणतो. डोकं जिथे येतं तिथे ट्रायपॉड, त्यावर दोरीचं एक टोक, दुसरं एका ट्वीटरला, आणि मापाला गाठ. तीच दोरी दुसऱ्या ट्वीटरकडे न्या. गाठ अर्ध्या इंचाहून जास्त पुढे-मागे पडली तर स्पीकर सरकवा. जागा पक्की झाली की टाइल्सवर मास्किंग टेपचे चार कोपरे मारून ठेवा. लादी पुसताना स्टँड हलतातच.

तिरकस, इंदिरानगर

एक दुरुस्ती. २८२ भागिले अंतर हे सूत्र स्पीकरमागच्या भिंतीला चालतं, बाजूच्या भिंतीला नाही. बरेच जण तेच लावतात आणि भलत्या सुराला खड्डा शोधत बसतात. स्पीकर बाजूच्या भिंतीपासून २.५ फूट, ऐकणारा ११ फुटांच्या मधोमध आणि ८ फूट समोर. सरळ वाट ८.५४ फूट, भिंतीवरून येणारी ११.३१ फूट. फरक २.७७ फूट. खड्डा पडतो फरकाच्या दुपटीने ११३० ला भागल्यावर, म्हणजे २०४ हर्ट्झला. सूत्र सरळ लावलं असतं तर ११३ आलं असतं. ग्राफवरचा खड्डा कुठल्या भिंतीचा आहे हे ओळखायचं तर हा हिशेब नीट हवा.

पडताळा सोपा आहे. स्पीकर मागे-पुढे ४ इंच सरकवून पुन्हा मोजा. खड्डा सरकला तर स्पीकरमागच्या भिंतीचा. नाही सरकला तर आडवा सरकवून बघा. स्पीकर कुठेही नेला तरी जागचा हलत नसेल आणि माइक हलवल्यावर मात्र हलत असेल, तर तुमची बैठक एखाद्या मोडच्या शून्यावर आहे.

मोजपट्टी, कॉलेज रोड

बरोबर, आभार. वरच्या पोस्टमधलं सूत्र फक्त स्पीकरमागच्या भिंतीसाठी आहे असंच वाचावं.

खर्ज, पंचवटी

मोजण्याबद्दल लिहितो, कारण इथे झालेली चूक पुढे सगळीकडे जाते.

मोजायचं सॉफ्टवेअर रूम ईक्यू विझर्ड, म्हणजे आपलं आरईडब्ल्यू, फुकट आहे. माइक यूएसबीचा यूमिक-१ असेल तर त्यावरचा सिरियल नंबर टाकून तो बनवणाऱ्या मिनीडीएसपीच्या साइटवरून कॅलिब्रेशन फाइल (माइकची स्वतःची चूक भरून काढणारी) घ्या. फाइली दोन मिळतात. माइक स्पीकरकडे रोखून धरायचा असेल तर शून्य अंशाची, छताकडे उभा करायचा असेल तर ९० अंशाची. फाइल एक आणि माइक दुसरीकडे, असं झालं की वरच्या पट्टीत नसलेली चूक दिसते आणि लोक ती 'सुधारत' बसतात.

विंडोजमध्ये माइक आणि आउटपुट दोन्ही ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, सगळी एन्हान्समेंट बंद, विशेषतः लाउडनेस इक्वलायझेशन. ॲम्पचे टोन कंट्रोल मधोमध. पंखा बंद, एसी बंद, फ्रीजचा आवाज हॉलमध्ये येत असेल तर तो थांबेपर्यंत वाट बघा. रस्त्यालगतच्या घरात रात्री ११ नंतरच मोजा, कारण ट्रकची घरघर नेमकी ३० ते ६० हर्ट्झमध्ये असते.

पातळी ७५ डेसिबलच्या आसपास. स्वीप (खालून वर सरकणारा चाचणीचा सूर) २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, लांबी २५६के, म्हणजे साडेपाच सेकंद. डावा वेगळा, उजवा वेगळा, मग दोन्ही मिळून. दोन्ही एकत्र मोजलेल्या ग्राफवरून फिल्टर कधीच काढू नका, वरच्या पट्टीत कंगव्यासारखे दाते दिसतील. तिसरं माप तपासणीपुरतं : १०० हर्ट्झच्या खाली दोन्ही मिळून एकट्यापेक्षा साधारण ६ डेसिबल जास्त यायला हवं. उलट कमी आलं तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या आहेत. ही चूक बरीच आढळते आणि 'खोलीत बेसच नाही' म्हणून तिचा गाजावाजा होतो.

माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका, उशीवर तर नाहीच. ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला. डोक्याच्या जागेभोवती दीड फुटाच्या आत ९ ठिकाणी मापं घ्या आणि आरएमएस सरासरी काढा. एकाच बिंदूवर काढलेले फिल्टर मान वळवली की चुकतात.

दहा बाय दहा, सिडको

खोली १० बाय १०, उंची ९.५. मोड काढले तर ५६.५, पुन्हा ५६.५, आणि ५९.५. तिन्ही एकावर एक. एकच सबवूफर (फक्त खालच्या बेसचा वेगळा स्पीकर) आहे, कोपऱ्यात. फिल्टरने ५७ ला १२ डेसिबल कापले तरी तो सूर मागे रेंगाळतोच. काय करावं?

मोजपट्टी, कॉलेज रोड

चौरस खोलीत कोपरा ही सर्वांत वाईट जागा, कारण तिथून तिन्ही मोड पूर्ण ताकदीने पेटतात. सब समोरच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर आणा. रुंदीचा पहिला मोड तिथे शून्यावर असतो, त्यामुळे तो पेटतच नाही. तीनपैकी एक गेला. दुसरा तसाच सब मिळाला तर मागच्या भिंतीच्या मध्यावर, त्याच पातळीला, त्याच पोलॅरिटीत (अधिक-उणे दिशा सारखी ठेवून). समोरासमोरचे दोन सब लांबीचा पहिला मोडही मारतात. मग उरतो फक्त उंचीचा ५९.५, त्याला एक फिल्टर पुरतो. हरमन कंपनीत टॉड वेल्टी यांनी अनेक सबवूफरच्या जागांवर संशोधन केलं, त्यात भिंतींच्या मध्यावरचे सब सातत्याने चांगले ठरले.

बैठक मधोमध नको. समोरून ६ फूट ८ इंचांवर, म्हणजे दोन-तृतीयांशावर, बसून मोजा.

दहा बाय दहा, सिडको

समोरच्या मध्यावर टीव्हीचं टेबल आहे, पण सब त्याखाली मावेल. दुसरा नंतर. १२ डेसिबल कापूनही रेंगाळणं का जात नव्हतं ते मात्र समजून घ्यायचं आहे.

खर्ज, पंचवटी

मोडची रुंदी २.२ भागिले रेंगाळण्याचे सेकंद इतकी असते. विटांच्या खोलीत ५७ हर्ट्झ ०.८ सेकंद रेंगाळत असेल तर रुंदी पावणेतीन हर्ट्झ, म्हणजे क्यू (सूर भागिले रुंदी, जितका मोठा तितका अरुंद) साधारण २०. फिल्टरचा सूर, कापणी आणि क्यू मोडशी जुळले तर पातळी उतरते आणि रेंगाळणंही आखडतं. पण तुमच्याकडे दोन-तीन मोड एकमेकांना चिकटलेले आहेत, त्यांना एक रुंद फिल्टर जुळू शकत नाही. पातळी खाली आली, शेपूट राहिली. वॉटरफॉल ग्राफ (प्रत्येक सूर वेळेनुसार कसा विरतो ते दाखवणारा) ५०० मिलिसेकंदांपर्यंत उघडून बघा, शेपूट दिसेल. म्हणून आधी मोडची गर्दी कमी करा.

कानाने ओळखायचं असेल तर तबल्याचं चांगलं रेकॉर्डिंग लावा आणि डग्ग्याचा घिस्सा ऐका. सूर खालून वर सरकतो, त्यामुळे खोलीचे फुगवटे आणि खड्डे एकेक करून ओलांडतो. नीट बसवलेल्या खोलीत तो एकसंध सरकतो. बिघडलेल्या खोलीत एका सुराला पोट सुटतं आणि लगेच पुढच्या सुराला आवाज विरतो. स्वीपचा ग्राफ हेच दाखवतो, पण घिस्सा ऐकल्यावर कुठला फिल्टर खरोखर हवा आणि कुठला नुसता ग्राफ सुंदर करण्यासाठी आहे ते पटकन कळतं.

मोजपट्टी, कॉलेज रोड

आता फिल्टर. कुठपर्यंत? वर दिलेल्या हॉलचं घनफळ साधारण ४४ घनमीटर. घुमण्याचा काळ अर्धा सेकंद धरला तर श्रोडर सूत्राने २००० गुणिले वर्गमूळात ०.५ भागिले ४४, म्हणजे २१३ हर्ट्झच्या आसपास. त्याच्या खाली खोलीचं राज्य, वर स्पीकरचं. म्हणून आरईडब्ल्यूच्या ईक्यू खिडकीत मॅच रेंज (फिल्टर कुठे लावायचे ती पट्टी) ३० ते २५० हर्ट्झ. फ्लॅटनेस टार्गेट १ डेसिबल. इंडिव्हिज्युअल मॅक्स बूस्ट आणि ओव्हरऑल मॅक्स बूस्ट (सूर जास्तीत जास्त किती चढवायचा) दोन्ही ०. यातलं शून्य महत्त्वाचं, सॉफ्टवेअरला खड्डे भरायची परवानगीच द्यायची नाही.

टार्गेटची रेषा सपाट ठेवू नका. सपाट बेस पातळ वाटतो. १०० हर्ट्झच्या खाली ४ ते ६ डेसिबलचा हलका चढ ठेवला की फुगवटे कापूनही अंग राहतं. स्पीकर भिंतीजवळ असल्याने तो चढ आपसूक मिळतो, त्यासाठी बूस्ट लागत नाही.

निघालेले फिल्टर मजकूर म्हणून एक्सपोर्ट करून इक्वलायझर एपीओच्या (विंडोजच्या आवाजावर फिल्टर लावणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कॉन्फिग फाइलमध्ये घाला. प्रत्येक बाजूला ४ ते ६ फिल्टर पुरतात. १५ निघाले तर समजा की जागेचं काम अर्धवट राहिलंय. हाताने एखादा बूस्ट दिलाच तर एपीओमधला प्रीॲम्प, म्हणजे एकूण पातळी, तेवढाच उणे करा, नाहीतर डिजिटल क्लिपिंग (आवाजाची टोकं छाटली जाणं). आणि पोर्टच्या ट्यूनिंगखाली कधीच बूस्ट नको. पोर्ट ४५ हर्ट्झचा असेल तर ३० हर्ट्झला हवेचा आधार नसतो, वूफर मोकळा झुलतो आणि कॉइल आपटते.

एक पेच लक्षात असू द्या : प्लेअर एएसआयओ किंवा वासापी एक्सक्लुझिव्हवर (विंडोजला वगळून आवाज थेट बाहेर पाठवणारे मार्ग) असेल तर एपीओ बाजूला पडतो. फिल्टर आहेत असं वाटतं, असतात कुठे? लावल्यावर पुन्हा स्वीप घेतल्याशिवाय काम झालं असं मानू नका.

सुरेल, नाशिकरोड

२५० पर्यंतच का? २० किलोहर्ट्झपर्यंत दुरुस्त करणारी पॅकेजेस आहेत, माझ्या कानाला पूर्ण पट्टी जास्त स्वच्छ वाटते.

खर्ज, पंचवटी

वर माइक जे पकडतो ते स्पीकरमधून थेट आलेलं आणि भिंती-टाइल्सवरून आलेलं यांची खिचडी असते. कान ती दोन वेगळी ओळखतो, माइक ओळखत नाही. चांगल्या स्पीकरचा थेट आवाज सपाट असताना टाइल्सच्या परावर्तनामुळे ग्राफ वाकडा दिसला आणि आपण तो सरळ केला, तर थेट आवाजच वाकडा होतो. फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हरमनमध्ये केलेल्या कामातून हाच मुद्दा ठामपणे मांडला.

वरच्या पट्टीत काही करायचंच तर रुंद, सौम्य उतार द्या, १-२ डेसिबलचा. टाइल्सच्या चकाकीवर खरा उपाय गालिचा किंवा जाड सतरंजी, स्पीकर आणि सोफ्याच्या मध्ये. पडदे कापसाचे, जाड, चुण्या घालून दुप्पट रुंदीचे. स्वच्छ वाटण्याचं एक कारण पातळीही असतं. दोन्ही प्रीसेट अर्ध्या डेसिबलच्या आत सारख्या मोठ्या करून ऐकून बघा, मग ठरवा.

ओपन किचन, गंगापूर रोड

डाव्या स्पीकरशेजारी बाल्कनीचं ॲल्युमिनियम स्लायडिंग, उजव्या बाजूला भिंतच नाही, किचनकडे मोकळं. डावीकडे १२० हर्ट्झच्या खाली ५ डेसिबल जास्त. दोन्ही वेगळे दुरुस्त करू का?

तिरकस, इंदिरानगर

करा, पण डावा खाली आणा, उजवा वर नेऊ नका. ८० च्या खाली दोघांना एकच फिल्टर द्या, नाहीतर दोन बाजूंच्या फेज वेगळ्या होऊन मधोमधचा बेस पातळ होतो. मग ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये दोघांची सरासरी पातळी जुळवा, गायकाचा आवाज मध्ये येतो तो त्यावर.

आणि मोजण्याआधी स्लायडिंग तपासा. आरईडब्ल्यूच्या जनरेटरवर ३० ते १२० हर्ट्झ सूर हळूहळू फिरवा, ८० डेसिबलला. हाताने काच दाबून धरा. तडतड थांबली तर चॅनलमधली लोकरीची पट्टी झिजलीय. बदलून टाका, पट्टी स्वस्त असते. शोकेसची काच, पंख्याचा कप, देवघराची घंटा हेही तसेच तपासा. डिस्टॉर्शनच्या ग्राफवर एखाद्या अरुंद पट्टीतच उभी सुळकी दिसली तर आधी खोलीत काय वाजतंय ते शोधा, वूफरला नंतर दोष द्या.

रिसीव्हरवाला, सातपूर

होम थिएटरवाल्यांसाठी : ऑडिसीने (रिसीव्हरमधलं आपोआप मोजून दुरुस्ती करणारं सॉफ्टवेअर) सब ६ फुटांवर असताना १२ फूट दाखवलं म्हणून टेपने 'बरोबर' करू नका. सबच्या आतल्या डीएसपीला (आवाजावर हिशेब करणाऱ्या चिपला) वेळ लागतो, १ मिलिसेकंद म्हणजे १.१३ फूट, तो वेळ त्यात धरलेला असतो. स्पीकर 'लार्ज' (पूर्ण बेस वाजवणारे) धरले असतील तर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर (ज्या सुराखाली बेस सबकडे जातो तो) ८० ठेवा. आणि लॅपटॉपवर एपीओ, रिसीव्हरमध्ये ऑडिसी असं दोन्ही एकाच वेळी नको, एकच फुगवटा दोनदा कापला जातो.

सब आणि स्पीकरची जोड तपासायला सबची पोलॅरिटी उलटी करा, अंतर बदलत ८० हर्ट्झला सर्वांत खोल खड्डा आणा, मग पोलॅरिटी परत सरळ. खड्डा जितका खोल होता तितकी जोड पक्की.

मोजपट्टी, कॉलेज रोड

दोन गोष्टी आपल्या हवेच्या. रॉकवूल घनमीटरला ४८ किलो घनतेचं, ४ इंच जाड, औद्योगिक इन्सुलेशन विकणाऱ्यांकडे मिळतं, सातपूर-अंबडला चौकशी करा. वरून सुती कापड, हाताळताना मास्क आणि हातमोजे. पावसाळ्यात पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला ओल धरते, म्हणून पॅनल चिकटवू नका, २ इंच सोडून टांगा. मागे हवा खेळते, बुरशी धरत नाही, आणि त्या पोकळीमुळे पॅनल आणखी खालच्या सुरापर्यंत काम करतं. १ इंची फोमचे चौकोन बेसला काहीच करत नाहीत, त्यावर पैसे घालू नका.

दुसरी गोष्ट थंडीची. हवा गार झाली की आवाजाचा वेग कमी होतो. डिसेंबरात हॉल १८ अंशांवर असेल तर १५ फुटांचा मोड ३७.४ हर्ट्झला येतो, एप्रिलात ३३ अंशांना ३८.४ ला. क्यू १४ चा अरुंद फिल्टर एका हर्ट्झने चुकला की निम्मं काम सोडतो. म्हणून सर्वांत खालच्या मोडला क्यू ६ ते ८ ठेवतो, कापणी २ डेसिबल कमी, आणि थोडी शेपूट सहन करतो. ज्यांना तेवढीही नको, त्यांनी थंडीत आणि उन्हाळ्यात एकेकदा मोजून दोन कॉन्फिग फाइली करून ठेवा, नावात महिना आणि मोजताना हॉलमध्ये किती अंश होते ते लिहा.